लाइट गेली तरी वेळ न विसरणारं पॅकमॅनचं घड्याळ

कोकणात पावसाचे चार महिने लाइट जाणं ही बातमी नसते. वारा सुटतो, फांदी लाइनवर येते, कुठल्यातरी खांबावर जंप उडतो आणि अख्खी वाडी अंधारात. कधी अर्ध्या तासाने लाइट येते, कधी दुसऱ्या दिवशी. आली की पंखा फिरतो, फ्रिज घरघरायला लागतो आणि शोकेसमध्ये हौसेने ठेवलेलं आर्केड मशीनच्या, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमच्या पेटीच्या, आकाराचं घड्याळ १२:०० असं लुकलुकत बसतं. घरातलं शेंडेफळ ते एकदा लावतं, दोनदा लावतं, मग कंटाळतं. गुहागरला आमच्या शेजारच्या मुलाने त्यावर स्वतःपुरता निकाल देऊन टाकला होता: "काका, याचे कायमचेच बारा वाजलेत."

ही घड्याळं दिसायला झकास असतात. वीतभर उंचीची पेटी, वर चित्रं, खाली खोटी जॉयस्टिक, मधे बारीक एलईडींचा पडदा. मिनिट बदललं की पॅकमॅन, म्हणजे त्याच नावाच्या जुन्या व्हिडिओ गेममधला पिवळा गोळा, येऊन जुना आकडा गिळतो आणि त्याच्यामागून भुतं नवा आकडा ओढत आणतात. पण एवढा सगळा थाट असलेलं घड्याळ दोन सेकंद लाइट गेली तरी वेळ विसरतं आणि शंभर रुपयांचं मनगटी घड्याळ एका सेलवर दोन-दोन वर्षं चालतं. असं का होतं आणि ते कसं दुरुस्त करायचं, हे समजायला इंजिनिअर असावं लागत नाही.

घड्याळात दोन कामं चालतात. एक वेळ मोजण्याचं, दुसरं ती दाखवण्याचं. दाखवण्याचं काम खर्चिक आहे. अशा रंगीत पडद्यात बहुधा डब्ल्यूएस २८१२ जातीचे एलईडी असतात. प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा, निळा असे तीन दिवे. एक ठिपका पूर्ण उजेडात पांढरा पेटवला तर साधारण ६० मिलिअँपिअर करंट खातो. पडदा ८ गुणिले ३२ चा असेल तर ठिपके झाले २५६, म्हणजे सगळे पेटवले तर १५ अँपिअर. इतके कोणी पेटवत नाही. मंद उजेडात, मोजके ठिपके लागलेले असताना ३०० मिलिअँपिअर धरू. आणि मोजण्याच्या कामाला किती लागतं? नीट बनवलेल्या चिपला एक मायक्रोअँपिअरच्या, म्हणजे मिलिअँपिअरच्या हजाराव्या हिश्शाच्या, आसपास. म्हणजे दाखवण्याचा खर्च मोजण्याच्या तीन लाख पट.

दुकानाचं शटर खाली ओढलेलं असलं तरी आत वाणी वही उघडून हिशोब लिहीत बसलेला असतो. आपल्याला घड्याळाकडून नेमकं हेच हवं आहे. पडदा विझू दे, पॅकमॅन झोपू दे, पण आतली मोजणी थांबता कामा नये. स्वस्त घड्याळांत मात्र मोजणारा आणि दाखवणारा एकाच वायरवर जगतात. यूएसबीचा पुरवठा तुटला की दोघंही एकदम जातात.

यावर पहिला सुचणारा उपाय म्हणजे मोठा कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवून ठेवणारा भाग, लावणं. १००० मायक्रोफॅरडचा जाडजूड कपॅसिटर बघून वाटतं, हा मिनिटभर तरी तग धरेल. हिशोब करून बघा. ३०० मिलिअँपिअरचा भार असताना त्याचं व्होल्टेज एका व्होल्टने उतरायला ३.३ मिलिसेकंद लागतात. सेकंदाचा तीनशेवा हिस्सा! लाइट नुसती मिचकली तरी हा आधीच गळपटलेला असतो. तेव्हा सगळं घड्याळ जगवण्याचा नाद सोडायचा आणि फक्त मोजणी जगवायची.

आता ही मोजणी होते कशी ते बघू, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. क्वार्ट्झच्या स्फटिकाला वीज दिली की तो ठरावीक वेगाने थरथरतो. घड्याळांसाठी तो अशा मापात कापतात की सेकंदाला बरोबर ३२,७६८ वेळा थरथरावा. आकडा विचित्र वाटतो, पण २ ला २ ने गुणत गेलात तर पंधराव्या २ ला हाच येतो. म्हणजे उलट दिशेने, ३२,७६८ ला पंधरा वेळा निम्मं केलं की उरतो १. चिपला निम्मं करणं फार सोपं जातं, त्यामुळे सेकंदाला एक ठोका आयता मिळतो. शिवाय हा वेग माणसाच्या कानाच्या पलीकडचा, म्हणून घड्याळ कुणकुण करत नाही. आणि इतका कमी की वीज जवळजवळ लागतच नाही.

इथे पॅकमॅनचा एक किस्सा सांगायलाच हवा. हा खेळ १९८० मध्ये जपानच्या नामको कंपनीने आणला, तोरू इवातानी हा त्याचा कर्ता. मूळ मशीनमध्ये लेव्हल मोजायला आठ बिटांचा काउंटर होता. बिट म्हणजे ० किंवा १ ठेवायची एक जागा, आणि आठ बिटांत ० ते २५५ एवढेच आकडे मावतात. कोणी भला माणूस २५६ व्या लेव्हलला पोचलाच तर काउंटर भरून परत शून्यावर येतो आणि पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरांच्या कचऱ्याने भरून जातो. पुढे खेळताच येत नाही. घड्याळातल्या चिपमध्येही काउंटर भरून शून्यावर येतो, फक्त तिथे तीच घटना उपयोगाची: पंधरा बिटांचा काउंटर भरला की एक सेकंद झाला. एकाच गोष्टीने एकीकडे खेळ मोडतो, दुसरीकडे वेळ चालते.

सगळीच घड्याळं स्फटिकावर मोजतात असं मात्र नाही. जुन्या धाटणीची, थेट प्लगमध्ये जाणारी काही डिजिटल घड्याळं घरातल्या विजेचे हेलकावे मोजतात. आपल्याकडे ते सेकंदाला ५०, अमेरिकेत ६०. म्हणून अमेरिकेतल्या मामाने आणलेलं असं घड्याळ ट्रान्सफॉर्मर लावून इथे चालवलं तर तासाला दहा मिनिटं मागे पडतं. त्यात दोष काही नसतो. ते इमानाने साठापर्यंत मोजतं, फक्त साठ व्हायला जास्त वेळ लागतो. तुमचं घड्याळ यूएसबीवर चालत असेल तर ही काळजी नाही, त्याला डीसी, म्हणजे हेलकावे नसलेली सरळ वीज, मिळतो आणि डीसीमध्ये मोजण्यासारखं काही नसतं.

आता नेहमीचा प्रश्न. वायफायची चिप असलेलं घड्याळ इंटरनेटवरून वेळ घेईल की, मग बॅटरी कशाला? डेव्हिड मिल्स यांनी १९८५ च्या सुमारास आखलेली एनटीपी ही पद्धत आजही जगभरच्या संगणकांची घड्याळं जुळवते, आणि ईएसपी ८२६६ सारखी स्वस्त चिपसुद्धा ती सहज वापरते. पुण्या-मुंबईत तेवढ्यावर भागतं. इथे नाही भागत. लाइट गेली की राऊटर जातो, थोड्या वेळाने टॉवरची बॅटरी उतरते, आणि लाइट परत आली तरी नेट परत यायचा काही नेम नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्यावर चढलं, त्यानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या कितीतरी गावांत दिवसचे दिवस ना वीज होती ना मोबाइलला रेंज. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते येऊन गेलं. नेटवरून वेळ जुळवणं चांगलंच, पण ते वरचेवर तपासून घेण्यासाठी. मूळ वेळ घड्याळाने स्वतःच्या पोटात ठेवायला हवी.

त्यासाठी जी चिप मिळते तिला रिअल टाइम क्लॉक, थोडक्यात आरटीसी म्हणतात. तिचं काम एवढंच: स्वतःच्या नाणेसेलवर सेकंद, मिनिट, तास, तारीख, वार, महिना, वर्ष मोजत राहणं आणि कोणी विचारलं की सांगणं. लीप वर्षाचा हिशोबही तीच ठेवते. बाजारात दोन नावं जास्त ऐकू येतात: डीएस १३०७ आणि डीएस ३२३१. पहिली जुनी आणि स्वस्त, तिला स्फटिक बाहेरून जोडावा लागतो. दुसरीत तो आतच बंद असतो, सोबत तापमान मोजणारा भागही.

हे तापमानाचं प्रकरण काय? घड्याळाचा स्फटिक साधारण २५ अंश सेल्सिअसला नेमका चालतो. त्याहून गरम करा नाहीतर थंड करा, दोन्हीकडे तो मंदावतो, आणि फरक दुप्पट झाला की मंदावणं चौपट होतं. ३५ अंशांना दिवसाला सुमारे ०.३ सेकंद, पत्र्याखाली ४५ अंश झाले तर १.२ सेकंद. आपल्या किनाऱ्यावर हवा फार तापत नाही आणि फार गारही होत नाही, त्यामुळे नुसत्या तापमानाची चूक इथे तशी किरकोळ. खरी चूक स्फटिकाच्या मूळ घडणीत असते. साध्या स्फटिकात दहा लाखात वीस एवढा फरक चालवून घेतात. ऐकायला नगण्य वाटतो, पण दिवसाला १.७ सेकंद, म्हणजे महिन्याला पाऊण मिनिटाच्या वर. डीएस ३२३१ दर ६४ सेकंदांनी तापमान बघून स्वतःला सावरते आणि ० ते ४० अंशांत दहा लाखात दोनपेक्षा जास्त चुकत नाही. वर्षाकाठी जेमतेम एक मिनिट.

पण कोकणातल्या माणसाने डीएस ३२३१ घ्यावी असं मी सांगतो ते अचूकपणासाठी नाही. कारण आहे आपली खारी, दमट हवा. बाहेरून जोडलेल्या स्फटिकाच्या पायांवरून इतका बारीक करंट फिरत असतो की बोर्डावर मिठाळ ओलाव्याचा नुसता थर बसला तरी तो तिकडूनच निसटतो आणि मोजणी अडखळते, कधी ठप्प होते. उन्हाळ्यात बरोबर चालणारी आणि श्रावणात मागे पडणारी घड्याळं असतात, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. स्फटिक चिपच्या पोटात बंद असेल तर हा रोग होत नाही. याच चिपची 'एम' शेपटीची एक बहीण आहे, डीएस ३२३१एम. तिच्यात क्वार्ट्झऐवजी सिलिकॉनचा थरथरणारा भाग असतो आणि हमी दहा लाखात पाचाची. वर्षाला अडीच-पावणेतीन मिनिटं. शोकेसमधल्या घड्याळाला ती अगदी चालेल.

सेलचा हिशोब ऐकून सगळेच चकित होतात. सीआर२०३२ म्हणजे २० मिलिमीटर व्यासाचा, ३.२ मिलिमीटर जाडीचा, ३ व्होल्टचा लिथियम सेल. त्यात सुमारे २२० मिलिअँपिअर-तास भरलेले असतात. एका मायक्रोअँपिअरने काढत गेलं तर २ लाख २० हजार तास, म्हणजे पंचवीस वर्षं! खरं तर तोवर सेल म्हातारपणानेच जाईल. पाच-सात वर्षांनी बदलायचा असं धरून चाला. घड्याळ प्लगवर असताना तर चिप सेलला हातही लावत नाही.

आता सापळा. बाजारात डीएस ३२३१ बहुतेक वेळा एका तयार निळ्या बोर्डावर मिळते, पाठीला सेलची जागा, पुढे सहा पिना. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतं, कुरिअरनेही रत्नागिरी-कणकवलीपर्यंत येतं, किंमत शंभर-दोनशेच्या घरात. या बोर्डावर सेल चार्ज करायची एक व्यवस्था आधीच केलेली असते: करंटला आवर घालणारा एक २०० ओहमचा रेझिस्टर आणि करंट एकाच दिशेने जाऊ देणारा एक छोटा काचेचा डायोड, सरळ ५ व्होल्टपासून सेलकडे. ती आहे एलआयआर२०३२ या चार्ज होणाऱ्या सेलसाठी. आपण दुकानातून आणून बसवतो सीआर२०३२, जो चार्ज करायचाच नसतो. दोन्ही सेल मापाने तंतोतंत सारखे, नावात फक्त सुरुवातीच्या अक्षरांचा फरक. न चार्ज होणाऱ्या सेलमध्ये रात्रंदिवस करंट ढकलत राहिलं की तो फुगतो, गळतो, क्वचित फुटतोही. आणि गंमत अशी की एलआयआर बसवला तरी गणित बसत नाही. ५ व्होल्टमधून डायोडचे ०.६ गेले की उरतात ४.४, आणि लिथियमच्या चार्ज होणाऱ्या सेलची मर्यादा ४.२.

उपाय दोन मिनिटांचा आहे. तो २०० ओहमचा रेझिस्टर किंवा तो डायोड, दोनपैकी एक काढून टाकायचा. सोल्डरिंग आयर्नचं टोक आळीपाळीने दोन्ही बाजूंना टेकवलं की तो कण टोकाला चिकटून निघून येतो. रेझिस्टरवर बहुधा २०१ लिहिलेलं असतं. ते दोनशे एक नाही, वीसवर एक शून्य. तुमच्या घड्याळाची मुख्य चिप ३.३ व्होल्टवर चालणारी असेल आणि बोर्डही ३.३ वरच जोडणार असाल, तर डायोडनंतर सेलपाशी २.७ व्होल्टच पोचतात आणि ३ व्होल्टच्या सेलमध्ये काही शिरत नाही. तरीही मी रेझिस्टर काढतोच. उद्या कोणी तो बोर्ड उचलून ५ व्होल्टवर लावला तर त्याला हे कोण सांगायला येणार?

सेल आणि यंत्र यांचं वैर आर्केडच्या जमान्यापासूनचं आहे. मूळ पॅकमॅन मशीन रात्री बंद केलं की दिवसभराचा हाय स्कोअर पुसला जायचा, कारण तो आठवणीत धरायला बॅटरीच नव्हती. १९७८ च्या स्पेस इन्व्हेडर्सचंही तेच. १९८१ मध्ये विल्यम्स कंपनीच्या डिफेंडरने तीन पेन्सिल सेल लावून स्कोअर जपले. कल्पना आपल्या आजच्या उद्योगाचीच: पडदा बंद, आठवण चालू. पण ते सेल वर्षानुवर्षं कोणी बदलले नाहीत, ते गळले आणि त्यांच्या क्षाराने बोर्डांवरच्या तांब्याच्या रेघा खाऊन टाकल्या. जुनी मशीन जमवणारे आजही नवीन बोर्ड हातात आला की आधी सेल काढतात.

सेल नकोच असेल तर सुपरकपॅसिटर, म्हणजे खूप जास्त वीज साठवणारा कपॅसिटर, हा पर्याय आहे. ५.५ व्होल्टचा, एक फॅरडचा, बटणाएवढा मिळतो. कागदावर तो डीएस ३२३१ ला जवळजवळ महिनाभर पोसतो. प्रत्यक्षात त्याची स्वतःचीच गळती चिपच्या भुकेपेक्षा जास्त असते, त्यामुळे काही दिवस धरा. नेहमीच्या लाइट जाण्याला तेवढं पुरेसं आहे. पण चक्रीवादळानंतरच्या अंधाराला नाही, आणि मे महिन्यात घर बंद करून मुंबईला गेलात तर त्यालाही नाही. माझं मत सेलच्या बाजूने.

घड्याळ उघडायचं तर स्क्रू शोधा. बहुधा ते खालच्या रबरी पायांच्या आत दडलेले असतात. आत काय दिसतं त्यावर पुढचा रस्ता ठरतो.

मुख्य चिप ओळखीची असेल, म्हणजे ईएसपीचा पत्र्याचं टोपण घातलेला चौकोन किंवा आर्डुइनोसारखा, घरी प्रोग्रॅम भरता येणारा बोर्ड, आणि घड्याळाचा प्रोग्रॅम तुमच्या हातात असेल, तर काम चार वायरींचं. एक पॉझिटिव्ह, एक ग्राउंड, आणि एसडीए, एससीएल नावाच्या दोन. या दोन वायरींवरून होणाऱ्या बोलण्याला आय-टू-सी म्हणतात. एकीवर ठोका, दुसरीवर माहिती. वायरी वीतभराच्या आतच ठेवा आणि पडद्याच्या जाड वायरींपासून लांब न्या, नाहीतर पॅकमॅन आकडे गिळायला निघाला की गोंधळ वायरींवर चढतो.

प्रोग्रॅममध्ये मूळ घड्याळ सुरू होताना स्वतःला बारा वाजता जागं झालेलं समजतं. ती ओळ बदलून तिथे आरटीसीला वेळ विचारायची. माणसाने बटणं दाबून वेळ लावली की तीच वेळ लगेच आरटीसीतही लिहायची. मधल्या काळात मुख्य चिपने स्वतः मोजावं, आणि तासाला एकदा आरटीसीशी जुळवून घ्यावं. आरटीसी आकडे साध्या द्विमान पद्धतीत ठेवत नाही, दशकाचा आणि एककाचा अंक वेगळा ठेवते. तयार लायब्ररी, म्हणजे कोणीतरी आधीच लिहून ठेवलेला प्रोग्रॅमचा भाग, वापरली तर हे तुम्हाला दिसणारही नाही. आपल्याकडे उन्हाळी-हिवाळी वेळ बदलत नाही, कच्छपासून अरुणाचलपर्यंत एकच घड्याळ, त्यामुळे भारतीय वेळ सरळ तशीच भरून ठेवा.

इथे नवखे हमखास एका ठिकाणी अडकतात. लायब्ररीबरोबर येणाऱ्या नमुन्यात एक ओळ असते, ती प्रोग्रॅम ज्या क्षणी संगणकावर तयार झाला ती वेळ आरटीसीत भरते. पहिल्यांदा वेळ लावायला सोय म्हणून ठीक. पण ती ओळ तशीच राहिली तर लाइट येईल तेव्हा दर वेळी घड्याळ त्याच जुन्या क्षणावर उडी मारतं, आणि माणूस सेलला शिव्या देत बसतो. ही ओळ फक्त एकाच अटीवर चालवायची. डीएस ३२३१ मध्ये एक खूण असते, मोजणी मधे कधी थांबली होती का हे सांगणारी. खूण उभी असेल तर सेल मेलेला होता किंवा बोर्ड नवाकोरा आहे, वेळेवर विश्वास ठेवू नका. पडलेली असेल तर आतली वेळ खरी, तिला हात लावू नका. मी तर खूण उभी असली की पॅकमॅन लाल करायला सांगतो. सेल बदलायची वेळ झाली हे घरात कोणालाही दुरून कळतं.

आत नुसता काळ्या लाखेचा गोळा दिसला तर मात्र दुसरी तऱ्हा. चिप त्या गोळ्याखाली आहे, तिचा प्रोग्रॅम कारखान्यातच गोठवलेला, तिला आरटीसीशी बोलायला शिकवता येत नाही. तेव्हा त्या चिपलाच उपाशी ठेवायचं नाही. तीन पेन्सिल सेलचं होल्डर घ्या, ४.५ व्होल्ट. यूएसबीचा पॉझिटिव्ह आणि सेलचा पॉझिटिव्ह वेगवेगळ्या शॉटकी (कमी व्होल्टेज खाणाऱ्या) डायोडमधून, १एन५८१९ चालेल, चिपच्या पुरवठ्याला जोडा. ज्याचं व्होल्टेज जास्त तो पुरवतो: लाइट असताना यूएसबी, नसताना सेल, आणि डायोडमुळे एकाचा करंट दुसऱ्यात घुसत नाही. पडद्याची पॉझिटिव्ह वायर मात्र डायोडच्या अलीकडे, यूएसबीच्या बाजूलाच राहू द्या. लाइट गेली की पडदा विझेल, चिप जागी राहील.

ऐकायला सोपं आहे, पण हे प्रत्येक घड्याळात जमत नाही. काहींत चिप स्वतःच्या पायांनी एलईडी पेटवते, तिथे पडदा वेगळा काढताच येत नाही. काहींत पडद्याचा पुरवठा तोडला तरी चिपच्या सिग्नलच्या वायरीतून करंट मागच्या दाराने पडद्यात शिरतो, ठिपके मंद धुगधुगत राहतात आणि सेल आठवड्यात संपतात. सेलच्या वायरीत मल्टिमीटर लावून करंट मोजा. पाच मिलिअँपिअरच्या आत असेल तर चांगले अल्कलाइन सेल पंधरा दिवस सहज काढतील. पन्नास-शंभर दिसले तर नाद सोडा आणि राऊटरसाठी मिळणाऱ्या छोट्या डीसी यूपीएसमधला ५ व्होल्टचा फाटा घड्याळाला द्या. पॉवर बँक लावायचा मोह आवरा. बऱ्याच पॉवर बँका चार्जिंग तुटताना क्षणभर पुरवठाही तोडतात, आणि आपल्या घड्याळाला तो क्षण पुरतो.

झाकण लावण्याआधी दोन कामं. डाग दिलेली, म्हणजे सोल्डर केलेली, जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि जुन्या टूथब्रशने घासून घ्या, कारण सोल्डरसोबतच्या फ्लक्सचा चिकटा हवेतलं मीठ धरून ठेवतो आणि वर्षभरात तांब्यावर हिरवा कळंक चढतो. सुकल्यावर त्यावर बोर्डासाठीचं पारदर्शक वॉर्निश मारा, सेलच्या होल्डरच्या पत्र्या तेवढ्या सोडून. आणि घड्याळ खेळण्यासारखं दिसतं हे विसरू नका. नाणेसेल लहान मुलाने गिळला तर अन्ननलिका भाजायला दोन तासही पुष्कळ होतात. असं झालं तर वाट न बघता दवाखाना गाठायचा. म्हणून सेल स्क्रूने बंद होणाऱ्या कप्प्यातच हवा, दाबून उघडणाऱ्या झाकणामागे नको.

मग घड्याळ मोबाइलच्या वेळेशी सेकंदासकट जुळवा, प्लग काढा आणि दोन दिवस विसरून जा. लावल्यावर एका सेकंदाच्या आत जुळलं तर काम झालं. पाच-दहा सेकंद फरक दिसला तर चिप नकली किंवा जुन्या बोर्डावरून उपटलेली असण्याची शक्यता मोठी, ती बदला. महिनाभरात दोन-चार सेकंदांनी चुकत असेल आणि तेवढंही तुम्हाला खुपत असेल, तर डीएस ३२३१ मध्ये त्यासाठीही एक खुंटी आहे. एजिंग नावाच्या रजिस्टरमधला, म्हणजे चिपमधल्या आकडा ठेवायच्या जागेतला, आकडा एकाने वाढवला की चाल दहा लाखात ०.१ ने मंदावते, म्हणजे महिन्याला पाव सेकंद. महिन्याला अडीच सेकंद पुढे जात असेल तर तिथे १० लिहा. मागे पडत असेल तर उणे १०.